हमीदाआपाची तपासणी

आमच्या गल्लीत कुणी नवा भाडेकरू आला की त्याला दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतात. एक, नळाला पाणी कधी येतं. दुसरी, हमीदाआपाच्या गळ्यात जे लटकतं ते काय आहे. कारण ते ताईत नाय, माळ नाय, चष्म्याची दोरीबी नाय. तो स्प्रिंगचा काटा आहे. भंगारवाल्याच्या हातात असतो तसा. वर कडी, खाली हूक, मधी पितळी पट्टीवर किलोचे आकडे, आणि सगळं सुतळीनं बांधून गळ्यात.

डॉक्टर त्याचं नळकांडं गळ्यात घालून फिरतो, तशी ही बाई काटा घालून फिरते आणि दिसंल ते तोलते. गाड्यावरचे टमाटे तोलते. किराणावाल्याची साखर तोलते. शेजारच्या सुनेला मुलगी झाली तेव्हा बारशाला सगळ्या बाया पाळण्यात वाकून नाक कुणाच्या वळणावर गेलं ते बघत होत्या. आपानं पोरीला झोळीत घातलं आणि झोळी काट्याला लावली.

"पावणेतीन," म्हणाली. "दवाखान्यानं तीन लिहिलंय. कागद बदलून आण."

पोरीची आजी लाल झाली. पोरगी झोळीत गाढ झोपलेली.

मी किसन मिस्तरी. गवंडीकाम केलं जन्मभर. ह्या शहराचं नाव बदललं, पण मी बांधलेल्या भिंती आहेत तिथंच आहेत. मुकुंदवाडीच्या ठेसनामागं आमची गल्ली, आणि आपाचं दार माझ्या दारासमोर. मधी एक नाली आणि एक शेवगा. शेवगा कुणाचा, यावर आपाचं आणि माझ्या बायकोचं, कौसाचं, वीस वर्षं भांडण चाललं. शेंगा मात्र दोघी मिळून तोडायच्या. एक काठी धरायची, एक पदर.

आपा आधी शाळेत खिचडी करायची. दोनशे लेकरांची, रोज. तांदूळ किती, डाळ किती, मीठ किती, सगळं तिच्या मुठीत. मग वरून हुकूम आला की आता खिचडी एकाच मोठ्या भटारखान्यातून गाडीनं येणार. आपाची चूल बंद झाली. काटा तिनं शाळेतून आणला की तो आधीपासून तिचाच होता, हे विचारायची गल्लीत कुणाची छाती नाय.

दोनशे लेकरांना ओरडून ओरडून तिला एक खोड लागली. ती सगळ्यांना तू म्हणते. मला तू, नगरसेवकाला तू, मशिदीतल्या मौलवीसाबला तू, बँकेच्या साहेबाला तू. एकदा शाळेच्या मोठ्या बाईंना म्हणाली, "तू आधी नाक पूस, मग बोल." बाईंना सर्दी होती, पण म्हणून काय झालं.

दुसरी खोड जास्त वाईट. तिला थोडं शिजवता येत नाय. नवरा तरणेपणीच गेला, लेकरू नाय, घरात एकटी. तरी पातेलंभर भात टाकायची आणि मग ताटल्या घेऊन गल्लीत हिंडायची. कौसा तिला म्हणायची, "आपा, एकटीपुरतं टाकत जा की. धान्य काय वर आलंय का?"

"दोनशेचा अंदाज है मेरेकू," आपा म्हणायची. "एकट्याचा भात जमत नाय. हातच थांबत नाय."

तिची दोन बोलणी गल्लीत लहान पोरांनासुद्धा पाठ आहेत. एक, "हक का है, खैरात नाय." दुसरं, "कागद बोलता है, आपण गप बसायचं." आणि कुठंबी काही घेतलं-दिलं की हात पुढं करून एकच शब्द, "पावती?" मी एकदा तिची शिडी परत नेऊन दिली तर माझ्याकडं बघून म्हणाली, "शिडी मिळाली, अशी पावती देऊ का तुला?" मी म्हणालो नको. ती म्हणाली, "नको म्हणतोस म्हणूनच लुटतात तुला."

रेशनच्या दुकानात तिला बघायला लोक मुद्दाम थांबायचे. दुकानदार धान्य पत्र्याच्या डब्यात भरून डब्यासकट तोलायचा आणि तेच आकडे कार्डवाल्याच्या गळ्यात मारायचा. सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं. आपाचा नंबर आला. तिनं दुकानाच्या काट्याकडं बघितलं.

"डबा काढ."

"आपा, सगळ्यांना असंच देतो."

"सगळे डबा खात असतील. मी खाणार नाय. डबा काढ."

डबा निघाला. मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर उचकटलं. त्याच्यामागं फळा होता, कुणाला किती धान्य मिळतं ते लिहिलेला. तो फळा आहे हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, कारण दरसाली त्याच्यावर नवं कॅलेंडर लागायचं. आपानं फळा थांबत थांबत मोठ्यानं वाचला. तिला उर्दू झपाझप येतं, मराठी चढावरून सायकल नेल्यासारखं. पण शेवटपर्यंत वाचला. रांगेतली एक बाई तिथंच म्हणाली, "म्हंजे आमाला कमी मिळत व्हतं व्हय?"

त्या दिवसापासून आपाच्या ओट्यावर कार्डवाल्यांची जत्रा. कुणाच्या सुनेचं नाव चढत नाय, कुणाचा आधार जुळत नाय, कुणाचं कार्ड बंद पडलेलं. आपा एक पैसा घ्यायची नाय. पण तिच्यासमोर सूप ठेवलेलं असायचं आणि आलेल्यानं बसून तिचे तांदूळ निवडायचे. अर्ज मोठा असला तर गहूबी.

आता माझं सांगतो.

कौसा दिवाळीनंतर गेली. तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत खलास. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाय.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. घरात माणसं बसलेली, लेक गंगापूरहून आलेली, कोपऱ्यात रडत होती. आपा आली, गळ्यात काटा. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मिस्तरी, सर्टिफिकेट काढायला टाकलंस का? कार्डावर नाव है तिचं. नंतर लई फिरवतात."

मी हातातला तांब्या तिच्या अंगावर फेकला असता. लेकीनं हात धरला. मी म्हणालो, "आपा, उठा इथून." आपा उठली. दारात वळून म्हणाली, "दोन फोटोकॉपी काढ." आणि गेली.

सर्टिफिकेट जावयानं काढून आणलं. मी ते गादीखाली ठेवलं. आता यात अडचण अशी होती की आमचं रेशनकार्ड कौसाच्या नावावर. नियमच तसा आहे, घरातली मोठी बाई ती कुटुंबप्रमुख. कार्डावर वर तिचं नाव, खाली माझं. मला त्याचं कधी काही वाटलं नाय, घरातबी तसंच होतं. रेशनला तीच जायची. मी मशीनवर अंगठा कधी लावलाच नव्हता. दोन महिन्यांनी पीठ-तांदूळ संपलं तेव्हा पहिल्यांदा पिशवी घेऊन रांगेत उभा राहिलो.

अंगठा लावला. मशीन बोंबललं.

"धुवून लाव, मिस्तरी," दुकानदार म्हणाला.

धुतला. बोंबललं. दुसरं बोट. तिसरं. डाव्या हाताची. माझ्या बोटांवर रेषाच नायत. सिमेंटनं खाल्ल्या. चाळीस वर्षं माल कालवला, त्यात गेल्या. दहा बोटं झाली तेव्हा मागून एकजण म्हणाला, "पायाची लावून बघा, काका." लोक हसले.

दुकानदार म्हणाला मोबाईलवर नंबर येतो तो सांग. तो नंबर कौसाच्या फोनवर जायचा, आणि तो फोन मी बंद करून कपाटात ठेवला होता. सिमकार्ड मेलेलं. दुकानदार मग कार्ड उलटंपालटं करून म्हणाला, "हे बघ, कार्ड बाईच्या नावावर. बाई वारली. आधी तिचं नाव कमी करून आण, तुझं वर घे. मग तुझ्या बोटांचं बघू."

"नाव कमी करायचं नाय," मी म्हणालो.

मागचा तोच माणूस बोलला. "व्हय, दोन नावं असली की दहा किलो. मेलेल्या बायकोच्या वाटणीचंबी खायचंय म्हाताऱ्याला."

मी पिशवी त्याच्या तोंडावर मारली आणि घरी आलो.

मला तिच्या वाटणीचा एक दाणा नको होता. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाय, आता सांगतो. तिचं नाव दुनियेत आता तेवढ्या एका कागदावर जितं होतं. मतदार यादीतनं नेलं, बँकेतनं नेलं. ह्या कार्डावरनं मी नेऊ देणार नव्हतो. सरकारला ती मेली हे सांगायचं काम माझं नाय. तुमचं धान्य तुमच्याकडं ठेवा. लेक फोनवर म्हणाली, "आबा, इकडं या." तिकडंबी गेलो नाय. चहा आणि खारी खाऊन राहत होतो. मिस्तरीला खारी पुरते, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपा पिशवी घेऊन आली. माझ्या दारात उभं राहून काट्याला लावली. "पाच. बघून घे. तुझा माल."

"कुणी दिला?"

"दुकानदारानं. मी मागितला."

"अंगठा?"

"तू अंगठ्याचं विचारू नको. तुझा हक का है, खैरात नाय. घे."

मी घेतला. आपानं मागितलं आणि कुणी दिलं नाय असं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, डबा काढायला लावला तसंच काहीतरी केलं असंल. तांदूळ स्वच्छ होता. खडा नाय, काडी नाय, गव्हात मातीबी नाय. मी मनात म्हणालो, दुकानदार चांगलाच घाबरलेला दिसतोय.

आपा गेली नाय. आत येऊन पाटावर बसली.

"शिजव."

"काय?"

"माल दिलाय तर तपासणी होणार. शिजवून दाखव. तांदूळ कसा निघतो बघायचं मेरेकू. तक्रार लिहायची असली तर आजच लिहिते."

मी जन्मात भात केला नव्हता. पाणी ओतलं, तांदूळ टाकला, वर अजून पाणी ओतलं. जे झालं ते आपानं चमच्यानं उचलून बघितलं.

"ह्याच्यात वाळू टाकली तर गिलावा होईल," म्हणाली. पण खाल्लं. मलाबी खायला लावलं. मीठ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला पुन्हा हजर. मग रोज. तपासणी. बोटाचं दुसरं पेर बुडंल एवढं पाणी. तांदूळ आधी धुवून थोडा वेळ ठेवायचा. गहू दळताना त्यात मूठभर ज्वारी टाकायची, पुरतं जास्त. शेवग्याचा पाला डाळीत, मग भाजी वेगळी लागत नाय. भाताची पेज फेकायची नाय, ती सकाळची न्याहरी. कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद आणि कुकर गोधडीत गुंडाळायचा, बाकीचा भात गोधडीच शिजवते, सिलेंडर वाचतो.

गोधडी एकच होती. कौसानं शिवलेली, तिच्या जुन्या लुगड्यांची. मी म्हणालो, "तिला हात लावायचा नाय."

आपा म्हणाली, "तिनं काय शोभेला शिवली होती?" आणि तिनंच कुकर गुंडाळला. हिरव्या लुगड्याची बाजू वर ठेवून.

मला त्या बाईचा राग येत होता, खोटं कशाला सांगू. रोज यायची, रोज नावं ठेवायची आणि रोज पोटभर खाऊन जायची. एवढी हक्काची भाषा करणारी बाई, आणि माझ्या पाच किलोत स्वतःचं भागवते. मी लेकीला फोनवर सांगितलं, "ही हमीदा रोज फुकट जेवून जाते माझ्याकडं."

लेक म्हणाली, "आबा, तुम्ही जेवता का?"

"तिला वाढायचं तर मलाबी घ्यावंच लागतं."

"मग जेवू द्या की तिला."

दर महिन्याला आपा पाच किलो आणायची, दारात तोलून द्यायची. तीन महिने. एकदाबी पावती दिली नाय. आख्ख्या गावाकडं पावती मागणारी बाई. मला तेव्हाच कळायला पायजे होतं. पण मी भात खात होतो आणि राग करत होतो, डोकं कुठं चालणार.

उन्हाळा लागला तेव्हा दुकानावर कागद चिकटला. ज्यांचं कार्ड दुरुस्त नाय, सगळ्यांची ओळख पटलेली नाय, त्यांचं कार्ड महिनाअखेर बंद. आपा कागद वाचून आली, थांबत थांबत मला पूर्ण सांगितला.

"उद्या तहसीलला जायचं. सर्टिफिकेट गादीखालून काढ."

गादीखाली आहे हे तिला कसं माहीत, देव जाणे.

"जायचं नाय," मी म्हणालो. "माझं धान्य येतंय की. तुम्ही आणताय."

आपा म्हणाली, "मी किती दिवस आणणार?"

"मग नका आणू. मी खारी खाईन. नाव कापू देणार नाय."

"ती कार्डावर कोण होती?"

"प्रमुख."

"मग प्रमुख गेली म्हणून घर बंद करायचं? तिनं हे कार्ड कसं मिळवलं, याद है? सात चकरा. मी होते संगं. तू तेव्हा कुठंतरी स्लॅबवर होतास. सात चकरा मारून तिनं तुझं पोट कागदावर चढवलं, आणि तू ते कार्ड बंद पाडणार. का तर प्रेम है म्हणून. वा रे मिस्तरी."

मला त्या सात चकरा माहीत नव्हत्या. कौसानं कधी सांगितलं नाय. मी गादी उचलली.

तहसीलच्या पुरवठा ऑफिसात खिडकीवर एक तरणी मॅडम होती. आपानं सुरुवातीलाच विचारलं, "तू जेवलीस का?" मॅडम म्हणाली नाय अजून. आपा म्हणाली, "मग आमचं लवकर उरक." मॅडमला हसू आलं. तिनं कार्डाचा नंबर टाकला आणि पडद्याकडं बघत राहिली.

"काका, तुम्ही धान्य तर उचलतच नाही."

"उचलतो की."

"नाही. पाच महिने झाले, या कार्डावर एक दाणा उचललेला नाही. मग कार्ड ठेवायचंय कशाला? गरज नसलेल्यांची बंद करायला सांगितलीत."

माझं डोकं तापलं. "असं कसं नाय? पहिले दोन महिने नाय उचललं, ते खरं. मागचे तीन महिने पाच-पाच किलो आलंय. दारात तोलून. ही बाई स्वतः आणते. विचारा तिला."

मॅडमनं आपाकडं बघितलं. मीबी बघितलं. आपा वरच्या पंख्याकडं बघत होती.

"सांगा की, आपा. दुकानदारानं लिहिलं नसंल. चोर आहे तो. काढा त्याची तक्रार."

आपा पंख्याकडंच बघत म्हणाली, "कागद चुकतो कधीकधी."

तीस वर्षांच्या शेजारात ही बाई कागद चुकतो असं कधी म्हणाली नव्हती. मॅडमनं विचारलं, "आजी, तुमचं कार्ड आहे का? किती जण आहात?"

"एक," आपा म्हणाली.

"म्हणजे तुम्हाला पाच किलो."

"हौ."

मी मिस्तरी माणूस, हिशोब मला चौथीपेक्षा जास्त येत नाय, पण एवढा आला. पाच किलो स्वच्छ निवडलेले. आणि रोज साडेबाराला माझ्या पाटावर. ती माझं खात नव्हती. मी तिचं खात होतो, आणि तिला पाहुण्यासारखं वाढून वर गुरगुरत होतो.

"तुम्ही मला सांगितलं का नाय?" मी म्हणालो.

"तू घेतलं असतंस?"

"नाय."

"मग." आणि ती खिडकीकडं वळली, एकदम दुकानातल्यासारखा आवाज काढून. "हे बघ बेटी. ह्याला गरज है. ह्याची बोटं सरकारच्याच इमारती बांधताना गेली, ह्या ऑफिसची भिंतबी ह्यानंच बांधलीय."

भिंत मी बांधलेली नव्हती.

"अंगठा लागत नसेल तर डोळ्याचं मशीन दुकानात पायजे, असा नियम है का नाय?"

"आहे," मॅडम म्हणाली.

"मग दुकानदाराला फोन लाव आणि विचार, ते मशीन त्यानं कुठं ठेवलंय. मी ऐकते."

फोन लागला. मशीन कपाटात होतं, डब्यातच. वरचं प्लॅस्टिकबी काढलेलं नव्हतं.

मग मॅडमनं सर्टिफिकेट घेतलं आणि माझं जुनं कार्ड पुढं ओढलं. लाल पेन उचललं. माझा हात कार्डावर होता तो निघंना. मी काढायचा प्रयत्न करत होतो, खरंच करत होतो.

आपानं माझ्या हातावर हात ठेवला नाय की काही गोड बोलली नाय. ती मॅडमला म्हणाली, "लाल नक्को. निळं घे. आणि गिचमिड करायची नाय. एकच रेघ, पट्टीनं. खालचं नाव वाचता आलं पायजे."

"आजी, त्यानं काय फरक पडतो?"

"तुझ्या ऑफिसला नाय पडत. आणि कार्ड जमा करून घ्यायचं नाय, ह्याला परत द्यायचं. नियम नसला तरी द्यायचं."

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि निळ्या पेनानं एक रेघ मारली. बारीक. ओळंब्यात असावी तशी सरळ. कौसाबाई किसन. आजबी वाचता येतं.

चार दिवसांनी दुकानात डोळ्याचं मशीन लागलं. आपा शेजारी उभी, गळ्यात काटा. दुकानदार म्हणाला डोळा उघडा ठेव. पहिल्यांदा घेतलं नाय. पुन्हा. नाय.

"पाणी येतंय डोळ्यांतून, त्यानं घेत नाही," तो म्हणाला.

मागं रांगेत पिशवी तोंडावर खाल्लेला तोच माणूस होता. आपानं मागं वळून त्याच्याकडं बघितलं, आणि तो आपल्या चपलेकडं बघायला लागला. मग तिनं मला ओढणीचं टोक दिलं. "पूस. बाकीचं घरी जाऊन."

तिसऱ्यांदा घेतलं. मशीनमधून पावती निघाली. कुटुंबप्रमुख, किसन. मी जन्मात पहिल्यांदा प्रमुख झालो आणि मला ते मुळीच आवडलं नाय. दुकानदारानं आपण होऊन डबा काढला. आपानं आपल्या काट्यावर पुन्हा तोललं, पाच भरलं. पावती तिनं वाचली, घडी घातली आणि माझ्या खिशात सरकवली.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला आपा आली नाय.

मी भात करून वाट बघितली. तिसऱ्या दिवशीबी नाय. ओट्यावर दिसली तर म्हणालो, "तपासणी?"

"झाली," म्हणाली. "तुझा माल आता तुझ्या नावावर है. मी कशाला येऊ?" आणि समोरच्या बाईचा अर्ज लिहायला लागली.

तिच्या घरातून शिट्टी ऐकू येत नव्हती. ताटल्या घेऊन गल्लीत हिंडतानाबी दिसत नव्हती. महिना संपायचा होता, आणि तिचे त्या महिन्याचे पाच किलो माझ्या घरात आले होते. बारशावाल्या पोरीची आजी मला म्हणाली, "आपा काल मुरमुरे खाऊन झोपली. मी ताट नेलं तर म्हणाली पोट भरलंय."

मी डबा उपडा केला, निवडला, पिशवीत भरला आणि नाली ओलांडून तिच्या दारात गेलो. पिशवी पुढं केली. बोलायला मला जमत नाय, म्हणून नुसती पुढं केली.

आपानं पिशवी काट्याला लावली. डोळे बारीक करून पट्टी बघितली.

"चार किलो नऊशे. कमी है. घेत नाय."

"काटा तुमचा जुना झालाय."

"काट्याला बोलू नको."

मी पिशवी घेऊन उभा राहिलो. ती दार लावायला लागली. तिच्यामागं तिची चूल दिसत होती, पुसून ठेवलेली, वर एकबी भांडं नाय. मला राग आला. तो पहिला राग नव्हता, दुसराच होता.

"आपा," मी म्हणालो, "साडेबारा वाजलेत. माझ्याकडं कुकर गोधडीत आहे. तपासणीचं मला काही माहीत नाय. पण एकट्याचा भात जमत नाय मला. हात थांबत नाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. "ते माझं बोलणं है."

"व्हय. पावती देऊ का?"

आपानं गळ्यातली सुतळी डोक्यावरून काढली आणि काटा दारामागच्या खिळ्याला लावला. इतक्या वर्षांत मी तिला काट्याबिगर बघितली नव्हती. मानेवर सुतळीचा वळ होता, जुना, काळा पडलेला. ओढणी सारखी करून ती माझ्यापुढं नाली ओलांडून गेली.

गोधडी तिनंच सोडली. भात तिनं वाढला, आधी मला, मग स्वतःला, मग पुन्हा मला. म्हणाली, मीठ कमी आहे. म्हणाली, शेवग्याचं झाड तिचंच आहे, कौसा मरेपर्यंत कबूल झाली नाय. मी म्हणालो, झाड आमचं आहे.

जेवण झालं तेव्हा मी कुकरात बघितलं. एक शीत उरलं नव्हतं, आणि कमीबी पडलं नव्हतं.